ट्रॅक्टरची बॅटरी : तिची परीक्षा व निगा

सायखेड्याच्या परिसरांत, किंबहुना साऱ्या निफाड तालुक्यांत, द्राक्षबागेस औषध मारण्यापासून कांद्याची ट्रॉली उपबाजारांत नेण्यापर्यंत बहुतेक सर्व कामें आतां ट्रॅक्टरवर अवलंबून आहेत. बैलांच्या वैरणपाण्याची काळजी आपले वाडवडील ज्या आस्थेनें घेत, त्याच आस्थेनें आपण ट्रॅक्टरच्या ऑइलची व डिझेलची घेतों. परंतु बॅटरीकडे मात्र ती बंद पडेपर्यंत कोणाचें लक्ष जात नाहीं. आणि ती बंद पडते ती नेमकी खोळंबा न परवडणाऱ्या सकाळीं. या लेखाचा उद्देश एकच आहे. ट्रॅक्टर सुरू झाला नाहीं म्हणजे बॅटरीच संपली असें धरून चालूं नये. आधीं परीक्षा करावी व मग पैसा खर्चावा. परीक्षेस लागतो एक मल्टिमीटर व एक हायड्रोमीटर. दोहोंची मिळून किंमत नव्या बॅटरीच्या मानानें फारच थोडी असते.

आमचाच अनुभव प्रथम सांगतों. एका वर्षीं ऑक्टोबर छाटणीनंतर बागेंत घड बाहेर पडले असतां रात्रीं अवकाळी पाऊस झाला. पहांटेस डावणीचें औषध मारणें अगत्याचें होतें. ब्लोअर जोडून किल्ली फिरविली, तों सेल्फनें ‘खट्’ असा एकच आवाज केला व तो गप्प बसला. दिवे मात्र लख्ख लागत होते. दुकानदारानें मीटर न लावतांच बॅटरी संपल्याचें सांगितलें आणि आम्हींही तें खरें मानलें. जुनी बदलींत देऊन नवी घेतली. ती बसविली तरी सेल्फ फिरेना. दुसऱ्या दिवशीं एका वृद्ध मिस्त्र्यानें, बॅटरीची अर्थची केबल चॅसिसला जेथें बोल्टानें आवळलेली असते, तेथील गंज कांचकागदानें घासून काढला आणि पहिल्याच किल्लीस इंजिन सुरू झालें. पण मधला वेळ गेला तो गेलाच. डावणीनें घड धरले आणि त्या हंगामांत जो माल हातचा गेला, त्याची किंमत नव्या बॅटरीहून पुष्कळच अधिक होती.

दिवे लागतात, सेल्फ फिरत नाहीं, हें कसें?

हें कोडें उलगडलें कीं अर्धी विद्या हातीं आली असें समजावें. ५५ वॅटचा दिवा सुमारें ५ अँपियर प्रवाह घेतो. इंजिन फिरविणारा सेल्फ २०० अँपियर किंवा त्याहूनही अधिक घेतो. वाटेंत कोठें अडथळा असेल तर तेथें वाया जाणारे व्होल्ट प्रवाहाच्या प्रमाणांत वाढतात. गंजलेल्या सांध्याचा अडथळा ओहमच्या अवघ्या शंभराव्या हिश्शाइतका धरला, तर दिव्यासाठीं एका व्होल्टाचा विसावा हिस्साच वाया जातो. तो डोळ्यांस दिसतही नाहीं. सेल्फसाठीं मात्र त्याच सांध्यावर २ व्होल्ट नष्ट होतात. ठिबकच्या फिल्टरमध्यें गाळ बसला असतां दोनचार ड्रीपर नीट चालतात, पण सर्व बागेचा व्हॉल्व्ह उघडतांच दाब पडतो, तसाच हा प्रकार आहे. म्हणून दिवे लागले यावरून वायरिंग निर्दोष ठरत नाहीं आणि सेल्फ फिरला नाहीं यावरून बॅटरी सदोष ठरत नाहीं.

बॅटरींत काय घडतें?

चार्ज करून पुन्हा पुन्हा वापरतां येणारी शिशाची बॅटरी १८५९ सालीं फ्रान्समध्यें गास्तों प्लांते या शास्त्रज्ञानें प्रथम बनविली. तिचें तत्त्व आजही तेंच आहे. १२ व्होल्टच्या बॅटरींत सहा घरें असतात व प्रत्येक घर सुमारें २.१ व्होल्टचें असतें. त्या घरांत शिशाच्या व शिशाच्या ऑक्साइडच्या पट्ट्या पाणी मिसळलेल्या गंधकाम्लांत, म्हणजे आपण ज्यास ॲसिड म्हणतों त्यांत, बुडालेल्या असतात. बॅटरी खर्च होऊं लागली म्हणजे आम्ल पट्ट्यांत शिरून त्यांवर शिशाचें सल्फेट बनतें व उरलेला द्रव पातळ होत जातो. चार्जिंग झालें म्हणजे आम्ल पुन्हा द्रवांत परततें. यास्तव द्रव पाण्याच्या मानानें किती जड आहे हें पाहिलें कीं बॅटरींत शिल्लक किती आहे तें कळतें. मात्र उतरलेली बॅटरी आठवडेच्या आठवडे तशीच पडून राहिली, तर सल्फेटचे खडे घट्ट होतात व ते मग चार्जिंगनें विरघळत नाहींत. पुष्कळ बॅटऱ्या वापरानें मरत नाहींत, या उपासमारीनें मरतात.

आपल्याकडील हवेचाही येथें संबंध येतो. कुंदेवाडीच्या संशोधन केंद्रांत पारा ५ अंशांच्या खालीं उतरल्याच्या नोंदी अनेक हिंवाळ्यांत झालेल्या आहेत. अशा पहांटेस बॅटरीचा जोर चतुर्थांशानें तरी घटतो आणि नेमक्या त्याच वेळीं ऑइल घट्ट झाल्यामुळें इंजिन अधिक जोर मागतें. त्यामुळें ‘थंडीनें बॅटरी मेली’ असें आपण म्हणतों. वस्तुतः ती खंगलेली असते उन्हाळ्यांत. कारण उष्णता साधारण १० अंशांनीं वाढली कीं बॅटरीचें आयुष्य निम्म्यावर येतें. घाव वैशाखांत बसतो व मरण पौषांत येतें. म्हणून ट्रॅक्टर उन्हांत उभा न ठेवतां सावलींत ठेवणें हा बॅटरीचा पहिला औषधोपचार होय.

परीक्षेचा क्रम

पहिली परीक्षा विश्रांतीची. रात्रभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर सकाळीं किल्ली न लावतां मीटर धरावा. १२.६ व्होल्ट किंवा अधिक भरले तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे, १२.२ च्या सुमारास निम्मी, ११.९ किंवा त्याहून कमी म्हणजे जवळजवळ रिकामी. झांकणें उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरनें सहाही घरें तपासावीं. भरलेल्या घराचा आंकडा १.२६० ते १.२८० असतो, रिकाम्याचा १.१५० च्या खालीं. सर्व घरें सारखींच उतरलेलीं असतील तर बॅटरी केवळ उपाशी आहे. ती चार्ज करून पुन्हा पाहावी. एकच घर इतरांपेक्षां ०.०५० हून अधिक खालीं असेल आणि चार्जिंगनंतरही तसेंच राहील, तर मात्र तें घर गेलें व बॅटरीही गेली असें समजावें. झांकणें नसलेल्या बंद बॅटरीस मीटरवरच भागवावें लागतें.

दुसरी परीक्षा श्रमाची. गिअर न्यूट्रलमध्यें ठेवावा, इंजिन बंद करण्याची दांडी ओढून धरावी म्हणजे इंजिन सुरू होणार नाहीं, आणि पांचसहा सेकंद सेल्फ मारावा. त्या वेळीं बॅटरीच्या टर्मिनलांवर साडेनऊ व्होल्टांच्या खालीं आंकडा जाऊं नये. भरलेली बॅटरीही याच्या खालीं कोसळत असेल, तर ती कमजोर आहे किंवा सेल्फ प्रमाणाबाहेर प्रवाह ओढीत आहे. आंकडा ११ च्या वर राहतो व सेल्फ मात्र फिरत नाहीं, असें झाल्यास बॅटरीस दोष देऊं नये. दोष पुढें आहे.

तिसरी परीक्षा वाटेची. आम्ही चुकलों तें येथेंच. मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण खुंटीवर व दुसरी इंजिनच्या खरवडलेल्या उघड्या लोखंडावर धरून दुसऱ्यास सेल्फ मारावयास सांगावें. अर्धा व्होल्ट किंवा अधिक दिसला तर अर्थच्या वाटेंत अडथळा आहे. त्याचप्रमाणें धन खुंटी व सेल्फचा जाड बोल्ट यांमध्येंही अर्ध्या व्होल्टाहून अधिक फरक नसावा. ही परीक्षा करण्यास दोन मिनिटेंही लागत नाहींत.

चौथी परीक्षा मिळकतीची. इंजिन मध्यम वेगानें चालूं असतां बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसावे. १३ च्या खालीं राहिल्यास पट्टा ढिला आहे किंवा अल्टरनेटरमध्यें दोष आहे. १५ च्या वर गेल्यास रेग्युलेटर बिघडला असून बॅटरीचें पाणी उकळून जात आहे असें जाणावें. वरचेवर पाणी घालावें लागणें ही त्याचीच खूण असते. येथें एक सक्त सूचना : चार्जिंग होतें कीं नाहीं हें पाहण्याकरितां चालूं इंजिनावर बॅटरीची केबल काढण्याची जी पद्धति आहे, ती सर्वस्वीं टाकून द्यावी. त्यायोगें अल्टरनेटरमधील डायोड जळतात. ट्रॅक्टरवर किंवा जोडलेल्या ट्रॉलीवर वेल्डिंग करावयाचें असल्यासही आधीं बॅटरी सोडवून ठेवावी.

चोरटा खर्च

आपण ट्रॅक्टरवर जादा दिवे, टेप, मोबाइलचें चार्जिंग असें बरेंच कांहीं चढवितों. त्यांपैकीं एखादें किल्लीवांचून थेट बॅटरीस जोडलेलें असलें तर खर्च रात्रंदिवस चालूं राहतो. अर्धा अँपियर ही गोष्ट क्षुल्लक वाटते. परंतु २४ तासांत ते १२ अँपियर-तास होतात व सात दिवसांत ८४, म्हणजे मध्यम ट्रॅक्टरची सबंध बॅटरी. सर्व कांहीं बंद करून, ऋण केबल काढून, ती केबल व खुंटी यांमध्यें मीटर १० अँपियरवर लावावा. आंकडा जवळजवळ शून्य असला पाहिजे. मीटर असा लावलेला असतांना सेल्फ कदापि मारूं नये. आंकडा दिसल्यास एकेक फ्यूज काढीत जावें. ज्या फ्यूजनें तो पडेल त्याच वाटेवर चोर सांपडेल. फ्यूज गेला असतां त्याजागीं तांब्याची तार किंवा चांदी घालणें म्हणजे वायरिंगला आग लावण्याची तजवीज करणें होय.

नित्याची निगा

महिन्यांतून एकदां, उन्हाळ्यांत पंधरवड्यास, पाण्याची पातळी पाहावी. पट्ट्या उघड्या पडूं देऊं नयेत. पाणी घालावयाचें तें डिस्टिल्डच. विहिरीचें, बोअरचें किंवा फिल्टरचें पाणी चालत नाहीं. ॲसिड मात्र वरून कधींही घालूं नये, कारण उडून जातें तें पाणी, ॲसिड नव्हे. टर्मिनलांवर पांढरी-हिरवी बुरशी आली तर खाण्याचा सोडा पाण्यांत कालवून झांकणें बंद ठेवून धुवावी, कोरडें करावें, घट्ट आवळावें व वर ग्रीस लावावें. बॅटरी पट्टीनें पक्की बसवावी. हादऱ्यांनीं पट्ट्यांवरील लेप गळतो. ट्रॅक्टर महिनाभर उभा राहणार असेल तर ऋण केबल काढून ठेवावी. बाहेरून चार्ज करतांना बॅटरीच्या आंकड्याच्या दहाव्या हिश्शानें करावी; ८० अँपियर-तासांच्या बॅटरीस ८ अँपियर पुरे.

चार्ज होतांना बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो व तो ठिणगीनें स्फोट पावतो. म्हणून जवळ विडी, काडी वर्ज्य. केबल काढतांना ऋण प्रथम व लावतांना ऋण शेवटीं, हा नियम मोडूं नये. ॲसिड डोळ्यांत उडाल्यास पंधरा मिनिटें स्वच्छ पाण्यानें धुवावें व तडक डॉक्टरांकडे जावें.

पुराचा प्रसंग

नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्याच्या वरच्या अंगास असलेल्या आपल्या गांवांस गोदावरीचा पूर नवा नाहीं. ऑगस्ट २०१६ व ऑगस्ट २०१९ या दोन्ही वेळीं सायखेडा व चांदोरी येथें पाणी शिरलें. ट्रॅक्टर उंचावर नेण्यास अवधि नसेल तर निदान बॅटरी काढून माडीवर न्यावी. पाण्यांत जोडलेली बॅटरी राहिली तर तांब्याचे सांधे झपाट्यानें कुजतात. पूर ओसरल्यावर ‘पाहूं तरी’ म्हणून किल्ली फिरविण्याचा मोह आवरावा. आधीं गाळ स्वच्छ पाण्यानें धुवून, जोड उघडून सर्व सुकवावें. सेल्फ व अल्टरनेटर मिस्त्र्याकडून उघडून पाहावे आणि ऑइलमध्यें पाणी शिरलें नाहीं याची खात्री करावी. मगच बॅटरी जोडावी.

बॅटरी खरोखरच संपली असेल तर तिचें ॲसिड बांधावर, ओढ्यांत किंवा गोदेंत ओतूं नये. शिसें हें लहान मुलांस विशेषच घातक विष आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणेंही जुनी बॅटरी इतर कचऱ्यांत न टाकतां ती गोळा करणाऱ्या अधिकृत व्यक्तीकडेच दिली पाहिजे. नवी घेतांना जुनी दुकानांत दिली म्हणजे किंमतींत सूटही मिळते.

शेवटीं एक विनंति. आमची हयात महसूल खात्याच्या दप्तरांत गेली असल्यामुळें नोंदीवांचून आमचा कशावरही विश्वास बसत नाहीं; बॅटरीच्या बाबतींत तेवढी एक नोंद आम्हीं ठेवली नव्हती व तिचा दंड भरला. आतां गोठ्याच्या भिंतीवर एक वही टांगलेली आहे. तींत बॅटरी घेतल्याची तारीख, दरमहाचा सकाळचा आंकडा, सहा घरांचे सहा आंकडे व घातलेलें पाणी एवढेंच लिहितों. आंकडा हळूहळू घसरूं लागला कीं दोन महिने आधींच सूचना मिळते. छाटणीच्या आधीं प्रत्येक शेतकरी बंधूनें एक सकाळ या चार परीक्षांस द्यावी. पुढें पावसानंतरच्या एखाद्या पहांटेस ती सकाळ व्याजासह परत मिळेल.