बास ट्रॉम्बोन : स्लाइडची स्थाने आणि झडपांची स्वरयोजना

बास ट्रॉम्बोन हे पाश्चात्त्य वाद्यवृंदातील मंद्र स्वरांचे पितळी सुषिर वाद्य होय. आजचा बास ट्रॉम्बोन टेनर ट्रॉम्बोनप्रमाणेच बी फ्लॅट स्वरात बांधलेला असतो. मूळ नळीची लांबीही तेवढीच, म्हणजे सुमारे २.७ मीटर असते. अधिक व्यासाची नळी, रुंद कर्णा आणि बहुधा दोन झडपा ही त्याची वेगळी लक्षणे आहेत. स्लाइडने न मिळणारे खालचे स्वर या झडपांमुळे वाजवता येतात.

स्लाइडची सात स्थाने

स्लाइड म्हणजे वाद्याची पुढे-मागे सरकणारी नळी. ती पूर्ण आत असते तेव्हा पहिले स्थान मानतात. पुढील प्रत्येक स्थानी स्वर एका अर्धस्वराने उतरतो. स्लाइडवर खुणा नसतात. वादक कानाने व सरावाने स्थान साधतो. नळी लांबत जाते तसे पुढच्या अर्धस्वरासाठी लागणारे अंतरही वाढते. पहिले व दुसरे स्थान यांत सुमारे ८ सेंमी, तर सहावे व सातवे यांत सुमारे ११ सेंमी अंतर असते.

न मिळणारे पाच स्वर

प्रत्येक स्थानी ओठांचा ताण बदलून संनादी स्वरांची मालिका वाजवता येते. तिच्यातील सर्वांत खालच्या स्वरास पेडल स्वर म्हणतात. दुसरा संनादी त्याच्या एक सप्तक वर असतो. दुसऱ्या संनादीवरून सात स्थानांत बी फ्लॅटपासून ईपर्यंत उतरता येते. त्याखालील ई फ्लॅट, डी, डी फ्लॅट, सी व बी हे पाच स्वर मात्र राहून जातात. त्यांच्या खाली पहिल्या स्थानाचा पेडल बी फ्लॅट येतो.

एफ झडप

लाइपझिग येथील ख्रिस्तियान फ्रीडरिश साटलर यांनी १८३९ मध्ये ट्रॉम्बोनला एफ झडप जोडली. अंगठ्याने झडप दाबताच जादा नळी जोडली जाऊन वाद्य पाच अर्धस्वरांनी उतरते. नळी लांबल्याने स्थानांतील अंतरे वाढतात आणि सातऐवजी सहाच स्थाने स्लाइडवर मावतात. सहावे स्थान, म्हणजे सी, स्लाइडच्या अगदी टोकाशी येते. पाचांपैकी चार स्वर मिळाले, तरी बी उरतोच.

दुसरी झडप

बी मिळवण्यासाठी दुसरी झडप असते. तिच्या दोन पद्धती आहेत :

• अवलंबी : दुसरी झडप पहिलीसोबतच काम करते, दोन्ही दाबल्यास वाद्य बहुधा डी किंवा ई फ्लॅटमध्ये येते.
• स्वतंत्र : दुसरी झडप एकटी दाबल्यास जी फ्लॅट व दोन्ही दाबल्यास डी मिळतो.

डी योजनेत पाच स्थाने मिळतात : डी, डी फ्लॅट, सी, बी व बी फ्लॅट. त्यातील बी मूळ स्लाइडच्या पाचव्या व सहाव्या स्थानांच्या मध्ये सापडतो.

झडपांची मर्यादा

बेला बार्टोक यांच्या ‘कॉन्सर्टो फॉर ऑर्केस्ट्रा’ (१९४३) या रचनेच्या चौथ्या भागात बास ट्रॉम्बोनला खालच्या बीपासून एफपर्यंत अखंड मींड आहे. तिला सलग सात स्थाने लागतात. एफमध्ये बांधलेल्या जुन्या बास ट्रॉम्बोनवर ती सातव्यापासून पहिल्या स्थानापर्यंत सरळ घेता येते. आधुनिक वाद्यावर बी व एफ हे दोन्ही स्वर असले, तरी झडप दाबल्यावर जास्तीत जास्त सहा स्थाने उरत असल्याने ते एकाच योजनेत सापडत नाहीत. म्हणून वादकास झडप मध्येच बदलणे यांसारखी युक्ती योजावी लागते.