रिकामं फोल्डर आणि रीस्टार्ट

मंडळाच्या खोलीत खिडकीखाली एक जुना संगणक आहे. मॉनिटर नाही, की-बोर्ड नाही, वर गेल्या वर्षीच्या भित्तिपत्रकाचे कागद पडलेले. तोच आपला सर्व्हर. ई-अंकाचं सगळं साहित्य त्याला जोडलेल्या एका बाहेरच्या डिस्कवर असतं, आणि स्टाफरूममधून, लॅबमधून ते शेअर केलेल्या फोल्डरमध्ये उघडतं. उघडलं नाही, की सगळे एकच सांगतात, "रीस्टार्ट कर की!" मीही दोन वर्षं तेच करत आलो. हे रीस्टार्ट म्हणजे नक्की काय, ते जुलैतल्या एका सकाळनंतर मला नीट समजून घ्यावं लागलं.

आपल्या सर्व्हरवर लिनक्स आहे आणि बाकीच्या संगणकांवर विंडोज. या दोघांचं बोलणं घडवून आणतो तो सांबा नावाचा प्रोग्रॅम. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा इथल्या विद्यापीठात शिकणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेलनं तो लिहिला आणि 1992 मध्ये लोकांसाठी खुला केला. विंडोज फाइली वाटण्यासाठी जी भाषा वापरतं तिचं नाव एसएमबी. ही तीन अक्षरं याच क्रमानं येणारे शब्द त्यानं संगणकातल्या शब्दकोशात शोधले, त्यात 'सांबा' सापडला. आपल्यासारख्या साहित्यवाल्यांना ही गोष्ट आवडावी. ब्राझीलच्या नाचाशी याचा एवढाच संबंध!

सांबाचं मुख्य काम करणारी सेवा म्हणजे एसएमबीडी. जोडलेल्या प्रत्येक संगणकासाठी ती स्वतःची एक वेगळी प्रत चालू करते. 'सिस्टमसीटीएल रीस्टार्ट एसएमबीडी' असा हुकूम दिला (टाइप अर्थातच रोमन अक्षरांत, आणि आधी 'सुडो' लावून, फेडोरासारख्या काही लिनक्समध्ये सेवेचं नाव नुसतं 'एसएमबी' असतं), की या सगळ्या प्रती एकदम बंद होतात आणि मुख्य सेवा नव्यानं सुरू होते. डिस्कवरच्या फाइलींना धक्का लागत नाही. पण कुणी त्याच वेळी मोठी फाइल कॉपी करत असेल तर ती अर्धवट राहते, आणि कुणाचा लेख उघडा असेल तर सेव्ह करताना अडतं. म्हणून आधी 'एसएमबीस्टेटस' हा हुकूम देऊन बघावं. कोण जोडलेलं आहे, कुठली फाइल कुणी उघडली आहे, सगळं दिसतं. मग सरळ जाऊन सांगावं, "मॅडम, पाच मिनिटं फाइल बंद करता का?" ऑफिसात सर्व्हरच विंडोजचा असेल तर 'कॉम्प्युटर मॅनेजमेंट'मध्ये 'शेअर्ड फोल्डर्स'खाली उघड्या फाइलींची यादी मिळते.

नुसती सेटिंग बदलली असेल तर बहुतेक वेळा रीस्टार्टची गरजच नसते. आधी 'टेस्टपार्म'नं सेटिंगच्या फाइलीतली चूक तपासायची आणि मग 'रीलोड' द्यायचं. कुणाचं काम तुटत नाही. आणि 'नेटवर्क'मध्ये सर्व्हरचं नाव दिसत नाही, पण दोन उलट्या तिरप्या रेघा आणि पुढे आयपी पत्ता टाकला की फोल्डर उघडतं, असं असेल तर एसएमबीडी ठणठणीत आहे. बिघाड नाव शोधण्यात आहे, तिला हलवून उपयोग नाही.

आता त्या सकाळविषयी. रात्रभर पाऊस, लाईट गेलेली, यूपीएसही संपलेला. सकाळी लाईट आली, सर्व्हर आपोआप चालू झाला, फोल्डर उघडलं. पण आत काहीच नाही. तीन वर्षांचे अंक, मुलाखती, फोटो, सगळं गायब. माझे हातपाय गार पडले. मी रीस्टार्ट केलं. पुन्हा केलं. तिसऱ्यांदाही केलं. दर वेळी तेच रिकामं फोल्डर. "दुपारी बघू" म्हणून मी तासाला निघून गेलो, आणि खरी चूक तिथे झाली.

दुपारी लॅबचे अण्णा आले आणि त्यांनी आधी भिंतीकडे बघितलं. डिस्कच्या अडॅप्टरचं बोर्डावरचं बटण कुणीतरी बंद केलं होतं. डिस्क नसली तरी सर्व्हरनं चालू व्हावं, म्हणून माउंटच्या यादीत आम्हीच 'नोफेल' लिहून ठेवलं होतं. त्यामुळे सर्व्हर उठला, सांबाही उठला, आणि डिस्क जिथे येऊन बसते ती रिकामी जागाच त्यानं सगळ्यांना दाखवली. त्याच्या दृष्टीनं सगळं सुरळीत होतं! मी डिस्क बसली आहे का एवढं 'डीएफ' देऊन बघितलं असतं, तर दोन मिनिटांत कळलं असतं. बटण दाबलं, 'माउंट' दिलं, सगळं परत आलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या वर्षाची एक मुलगी आली. "दादा, माझं काल केलेलं दिसत नाही." आजीकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या तिनं त्या रिकाम्या फोल्डरमध्ये बसून टाइप केल्या होत्या. दुसरी प्रत नव्हती.

त्या गेल्या नव्हत्या. सर्व्हरच्या आतल्या डिस्कवर त्या जागेतच पडून होत्या, फक्त बाहेरची डिस्क वर येऊन बसल्यामुळे झाकल्या गेल्या होत्या. चटईवर सतरंजी अंथरावी तशा. काढण्याचा क्रम मात्र पाळावा लागतो. सांबा चालू असेल तर डिस्क 'बिझी' आहे असं सांगून सर्व्हर ती उतरवू देत नाही. म्हणून इथे रीस्टार्ट नाही, आधी नुसतं 'स्टॉप'. मग 'यूमाउंट'नं डिस्क उतरवायची, खालच्या फाइली दुसरीकडे हलवायच्या, डिस्क पुन्हा माउंट करायची, आणि शेवटी 'स्टार्ट'. चारही फाइली जशाच्या तशा मिळाल्या. ती तोपर्यंत माझ्या पाठीशी उभी होती, एक शब्द बोलली नाही.

मग आम्ही दोन गोष्टी केल्या. त्या रिकाम्या जागेवरची सगळ्यांची लिहायची मुभा काढली. आणि एसएमबीडीच्या सेटिंगमध्ये 'रिक्वायर्स माउंट्स फॉर' ही ओळ घालून पुढे डिस्कच्या जागेचा पत्ता दिला. आता डिस्क बसली नाही तर सांबा सुरूच होत नाही. फोल्डर उघडत नाही म्हणून लोक ओरडतात, पण रिकाम्या फोल्डरपेक्षा बंद दार परवडलं.

बोर्डावरच्या बटणाला अण्णांनी चिकटपट्टी लावली आहे. ती कुणी काढू नये. ओव्या पुढच्या अंकात येतील.