पाहुणा स्टेजवर येतो तेव्हा

गेल्या गणेशोत्सवातली, आमच्या इंदुरातली गोष्ट. मंडळाच्या कार्यक्रमाची शेवटची रात्र होती. कॉलेजात जाणारी आमची पोरं दोन गिटार, एक बेस आणि ड्रम्स घेऊन तासभर झकास वाजवत होती. सुरुवातीला कानांवर हात ठेवून बसलेल्या आज्ज्यासुद्धा नंतर मान डोलवायला लागल्या होत्या. तेवढ्यात सूत्रसंचालकाला हुक्की आली, की पहिल्या रांगेत बसलेल्या काकांनी पोरांना पेटीची साथ करावी. काका बँकेतून निवृत्त झालेले, चाळीसेक वर्षं भजनाला पेटी वाजवणारे. "काका, या ना वर!" असा आग्रह झाला, टाळ्या झाल्या, पेटी आली, काका चढले.

पुढचं अर्धं मिनिट आठवलं तरी कसंतरी होतं. पोरांचं गाणं पांढरी ३ मध्ये, काकांची बोटं सवयीने काळी १ वर. ड्रम्सच्या दणदणाटात काकांना स्वतःची पेटीच ऐकू येईना, मग चूक कळणार कशी? कळली तेव्हा त्यांनी बोटं उचलली आणि गाणं संपेपर्यंत भात्यावर हात ठेवून हसऱ्या चेहऱ्याने बसून राहिले. आम्ही जरा जास्तच जोरात टाळ्या वाजवल्या. घरी जाताना काका एवढंच म्हणाले, "पोरांचं काही चुकलं नाही रे. मला ऐकू येत नव्हतं."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. रॉक बँडच्या कार्यक्रमात कुणी पाहुणा वादक येतो, तेव्हा आपण सगळे पाहुण्याकडे बघतो. त्या रात्रीपासून मी यजमानांकडे बघायला लागलो. जुनी रेकॉर्डिंग्ज काढून बघितली, ऐकली, आणि गंमत अशी की जिथे पाहुणा चमकला, तिथे जवळजवळ प्रत्येक वेळी यजमानांनीच आधी काहीतरी केलेलं होतं.

घरात पाहुणे आले की भांडणारी भावंडं एकदम शहाणी होतात, हे आपल्याला माहीत आहे. बीटल्सचंही तेच झालं. जानेवारी १९६९ मध्ये चौघांचं इतकं बिनसलं होतं, की १० तारखेला जॉर्ज हॅरिसन तालीम सोडून निघून गेला. तो परतला आणि २२ तारखेला बिली प्रेस्टन त्यांच्यात येऊन बसला. अमेरिकन, कीबोर्डवर अप्रतिम हात, आणि हॅम्बुर्गच्या दिवसांपासूनची ओळख. परक्या माणसासमोर कुरकुरायला कुणालाच बरं वाटत नाही, हे पुढे हॅरिसननेच सांगितलं. आठवड्याभरात, ३० जानेवारीला, लंडनच्या सॅव्हिल रो रस्त्यावरच्या इमारतीच्या गच्चीवर ते वाजले. बिली कीबोर्डवर होता. 'गेट बॅक'च्या तबकडीवर बीटल्सच्या जोडीला त्याचंही नाव छापलं गेलं. हे भाग्य फारच थोड्यांच्या वाट्याला आलं.

पण पाहुणचाराचा खरा मोठा प्रसंग म्हणजे 'द लास्ट वॉल्ट्झ'. 'द बँड' नावाच्याच बँडने २५ नोव्हेंबर १९७६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँड सभागृहात आपला निरोपाचा कार्यक्रम केला. १९६९ साली 'द बँड' या नावाने त्यांचा पहिला कार्यक्रमही तिथेच झाला होता. दिवस अमेरिकेतल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाचा. आयोजक बिल ग्रॅहमने २५ डॉलरच्या तिकिटात हजारो लोकांना टर्कीचं सणाचं जेवण घातलं आणि मग गाणं ऐकवलं. आपल्याकडच्या लग्नासारखंच, आधी पंगत, मग मैफल! मार्टिन स्कॉर्सेसीने त्यावर केलेला चित्रपट १९७८ मध्ये आला. कधी रविवारी दुपारी घरच्यांबरोबर बसून बघा.

हे पाच जण मुळात साथीदार होते. आधी रॉनी हॉकिन्सच्या मागे वाजवत, मग बॉब डिलनच्या मागे. (ऑर्गन वाजवणारा गार्थ हडसन शास्त्रशुद्ध शिकलेला. पोरगं रॉक अँड रोलमध्ये चाललंय हे आईवडिलांना रुचणार नाही, म्हणून त्याने बाकीच्यांना संगीत शिकवण्याचे आठवड्याला दहा डॉलर वेगळे घ्यायचे ठरवलं. म्हणजे घरी सांगायला 'मी शिक्षक आहे'! आपल्याकडच्या कित्येक गिटारवाल्यांना ही युक्ती उपयोगी पडेल.) दुसऱ्याच्या गाण्यामागे उभं राहण्याची सवय हाडीमासी मुरलेली असल्यामुळे निरोपाच्या रात्री ते स्वतःच्या गाण्यांबरोबर पाहुण्यांचीही गाणी बसवू शकले. ब्लूजचा बुजुर्ग मडी वॉटर्स, एरिक क्लॅप्टन, नील यंग, जोनी मिचेल, व्हॅन मॉरिसन, डॉ. जॉन, खुद्द हॉकिन्स आणि शेवटी डिलन. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. आणि प्रत्येक गाण्यात तेच पाच जण मागे, जणू वर्षानुवर्षं त्याच गायकाबरोबर वाजवत आलेत.

त्यातला क्लॅप्टनचा प्रसंग मी किती वेळा पाहिला असेन, मोजदाद नाही. क्लॅप्टनने गिटारचा एकट्याचा तुकडा सुरू केला आणि थोड्याच वेळात त्याच्या गिटारचा पट्टा सुटला. जगातला नामांकित गिटारवादक, समोर गच्च भरलेलं सभागृह, कॅमेरे चालू, आणि गिटार हातातून घसरतेय. शेजारी उभ्या असलेल्या रॉबी रॉबर्टसनने मात्रा चुकू न देता तो तुकडा तिथूनच उचलला आणि आपल्या गिटारवर पुढे नेला. क्लॅप्टन पट्टा सावरून परत आला तेव्हा जागा तयार होती. न बघता नुसतं ऐकलं, तर घोटाळा झाला होता हे पटकन कळणारही नाही.

आणि जोनी मिचेल. तिचा प्रवेश पुढे होता. तो लोकांना आधी कळू नये म्हणून नील यंगच्या गाण्यात तिने पडद्यामागे उभं राहून वरच्या पट्टीतला आवाज दिला. चित्रपटात तिची नुसती सावली दिसते. पुढे यायची घाई नाही, नाव घ्या म्हणून हट्ट नाही.

सगळंच गोड होतं असं मात्र नाही. नील डायमंडला रॉबर्टसनने बोलावलं. त्याच वर्षी डायमंडची तबकडी त्याने तयार केली होती. ड्रमर लेव्हॉन हेल्मला या माणसाचं इथे काय काम, हे कळेना. उलट वेळ पुरत नाही म्हणून मडी वॉटर्सला गाळायचं घाटत होतं, तेव्हा तो संतापला, असं हेल्मने आत्मचरित्रात लिहिलं आहे. मडी वॉटर्स राहिला, हे आपलं नशीब. त्याच्या गाण्याच्या वेळी बहुतेक कॅमेरे रीळ बदलायला थांबले होते आणि लास्लो कोवाच या छायाचित्रकाराचा एकच कॅमेरा चालू होता, अशी हकिकत चित्रपटवाल्यांनीच सांगितली आहे. म्हणून तो प्रसंग जवळजवळ एकाच जागेवरून दिसतो. साठी ओलांडलेला तो माणूस जागचा फारसा हलत नाही आणि तरी आख्खं स्टेज त्याचं होतं. मला विचाराल तर सगळ्या रात्रीचं सोनं तेच. डायमंडच्या बाबतीत मी हेल्मच्या बाजूने आहे. यादी करताना घरातल्या सगळ्यांना विचारावं, मग लग्न असो की कार्यक्रम.

इथे तालमी झालेल्या होत्या. पण तालमीशिवाय, अगदी ओळखीशिवाय पाहुणा आला तर?

तीन वर्षं मागे जाऊ. २० नोव्हेंबर १९७३, सॅन फ्रान्सिस्कोजवळचं काऊ पॅलेस सभागृह, 'द हू' हा ब्रिटिश बँड. आयोजक पुन्हा बिल ग्रॅहमच. ड्रमर कीथ मूनने गोळ्या आणि ब्रँडी यांचा भलताच मेळ घातला होता. कार्यक्रमात तो कोसळला, त्याला आत नेऊन सावरून आणलं, आणि तो पुन्हा कोसळला. पीट टाऊनशेंडने प्रेक्षकांनाच विचारलं, कुणाला ड्रम्स येतात का? स्कॉट हॅल्पिन नावाचा १९ वर्षांचा मुलगा स्टेजजवळ उभा होता. याला येतात म्हणून त्याचा मित्र सुरक्षारक्षकांच्या मागे लागला. हॅल्पिनने तर जवळपास वर्षभर ड्रम्सना हात लावला नव्हता! काही मिनिटांत तो कीथ मूनच्या अवाढव्य ड्रम्समागे बसलेला होता.

आता 'द हू'ने काय केलं ते बघा. आपली अवघड गाणी बाजूला ठेवली आणि आधी दोन ब्लूज घेतले. ब्लूजचा नेहमीचा साचा बारा मापांचा आणि तीन कॉर्डचा. तो एकदा अंगात भिनला, की जगातल्या कुठल्याही अनोळखी वादकाबरोबर बसता येतं. आपल्याकडे तीनतालाच्या सोळा मात्रा माहीत असलेला तबलजी ग्वाल्हेरहून येऊन हैदराबादच्या गायकाला साथ करू शकतो, त्यातलाच प्रकार. शिवाय टाऊनशेंडने त्याला सांगून टाकलं, की मी इशारे देतो, तू माझ्याकडे बघ. तिसरं गाणं 'द हू'चं स्वतःचं होतं आणि त्यातली लय बदलती, तिथे पोराची दमछाक झाली. तरी कार्यक्रम पुरा झाला. चौघांनी एकत्र उभं राहून प्रेक्षकांना वंदन केलं. 'रोलिंग स्टोन' मासिकाने त्या वर्षी त्याची खास दखल घेतली. हॅल्पिन २००८ मध्ये वारला. ती तीन गाणी आयुष्यभर त्याच्या नावाला चिकटून राहिली.

माझ्या सगळ्यात आवडीचा पाहुणा मात्र वेगळ्याच घरातला आहे. न्यू ऑर्लीन्सचं मार्सालिस घराणं जाझमधलं. वडील एलिस पियानोवादक, भाऊ विन्टन ट्रम्पेटवादक, आणि ब्रॅनफर्ड सॅक्सोफोन वाजवणारा. २९ मार्च १९९० रोजी न्यूयॉर्कजवळच्या नासाऊ कोलिझियममध्ये तो 'ग्रेटफुल डेड' या बँडबरोबर वाजवायला आला. त्यांची गाणी त्याला फारशी माहीत नव्हती, तालीम नव्हती. ठरलं होतं एका गाण्याचं. पहिल्या भागात तो 'बर्ड साँग'मध्ये वाजला आणि नंतर बँडने त्याला सोडलंच नाही. दुसऱ्या भागात थांब म्हणाले, तो थांबला.

त्यातलं 'आईज ऑफ द वर्ल्ड' त्याच वर्षी 'विदाऊट अ नेट' या संग्रहात आलं. हेडफोन लावून ऐका. सुरुवातीला सॅक्सोफोन गायकाच्या ओळींच्या मधल्या फटींमध्येच बोलतो. मग जेरी गार्सियाची गिटार एक छोटीशी जागा घेते आणि सॅक्सोफोन तीच जागा जरा वळवून परत देतो. आपल्या सवाल-जवाबासारखं, पण कुणाला हरवायचं नाही. जाझवाला एरवी भराभर सुरांचा पाऊस पाडू शकतो. इथे तो गप्पही बसतो. आणि बँड? तो आल्यावर सगळे हलक्या हाताने वाजवायला लागले, ऐकताना सरळ जाणवतं. पंचवीस वर्षं एकत्र असलेली माणसं नव्या माणसाकडे कान देऊन वाजवतायत.

याउलट, १५ डिसेंबर २०१९ ला नवी मुंबईत नेरूळच्या स्टेडियमवर 'यू टू'बरोबर ए. आर. रहमान आपल्या मुलींना घेऊन आले. ते गाणं आधीच एकत्र केलेलं, सगळं आखीव. छान झालं, पण तो सन्माननीय पाहुण्याचा प्रकार. शाल-श्रीफळाच्या जवळचा.

आता पुन्हा काकांकडे येतो. कारण तुमच्या मंडळातही, मग ते बडोद्यात असो, बेळगावात असो की पणजीत, या वर्षी कुणीतरी "काका, या ना वर" म्हणणारच आहे.

गिटारच्या मोकळ्या तारांमुळे रॉकवाल्यांना ई, ए, डी, जी हे स्वर सोयीचे पडतात. म्हणजे पांढरी ३, ६, २ आणि ५. पेटीवाल्यांची सवय बऱ्याचदा काळी १ ची. पट्टी बदलणारी पेटी असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर गिटारवाल्यांनी चौथ्या फ्रेटवर कॅपो लावून ए-चे आकार धरावेत, काळी १ हजर. दुसरं, पेटी स्टेजवर जुळवता येत नाही. तिच्या सुरीचा स्वर ठरलेला असतो, आणि जुनी पेटी ट्यूनरशी तंतोतंत जुळेलच असं नाही. तेव्हा ट्यूनर खिशात ठेवून गिटार पेटीला जुळवायची. तिसरं, वादकांकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरांपैकी एक पाहुण्याकडे वळवायचा आणि त्यात त्याचंच वाद्य मोठं ठेवायचं. पाहुणा वाजवत असताना एका गिटारने थांबलं तरी आभाळ कोसळत नाही.

हे शहाणपण अर्थातच पोरांनी मला शिकवलं. गणपतीनंतर पंधरा दिवसांनी ती काकांच्या घरी गेली. काकूंनी पोहे केले, वर शेव घातली. काकांनी आधी पोरांची गिटार पेटीला जुळवून घेतली, त्यातच पाऊण तास गेला. यंदाच्या कार्यक्रमासाठी त्यांनी दोन गाणी निवडली आहेत. एक अभंग, त्यात पोरं मागे राहणार. दुसरं पोरांचं स्वतःचं, इंग्रजी. त्यात पेटी फक्त मधल्या दोन ठिकाणी आहे. काकांनी त्याचं रेकॉर्डिंग फोनवर मागून घेतलंय आणि सकाळी फिरायला जाताना ते ऐकत असतात. परवा कोपऱ्यावर भेटले तेव्हा कानातली वायर काढून मला म्हणाले, "दुसऱ्या अंतऱ्यानंतर ड्रमवाला आठ मात्रा थांबतो बघ. तिथे मी येतो."