मथळे : डोळ्यांना दिसणारे, कानांना सापडणारे

वेबपानावरचा मथळा म्हणजे नुसती मोठ्या, ठळक अक्षरांतली ओळ नव्हे. ही ओळ मथळा आहे, असे पानाच्या कोडमध्ये नोंदवलेले असावे लागते. त्यासाठी एचटीएमएलमध्ये एच१ ते एच६ असे सहा पातळ्यांचे टॅग आहेत. एच१ म्हणजे पानाचे नाव, एच२ त्यातले मुख्य भाग, एच३ त्या भागांचे पोटभाग. पुढेही हाच क्रम. अक्षरांचा आकार आणि रंग यांसाठी या टॅगवर अवलंबून राहावे लागत नाही. ते स्वतंत्रपणे ठरवता येतात.

कानाने वाचताना

या टॅगची सर्वाधिक गरज दृष्टिहीन वाचकाला असते. तो स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी प्रणाली, वापरतो. डोळस माणूस पानावरून नजर फिरवतो आणि हवी ती जागा हेरतो. कानाला तशी नजर फिरवता येत नाही. शब्दामागून शब्द ऐकत जावे लागते. मथळे नीट नोंदवलेले असले की ही अडचण बरीच दूर होते. एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरमध्ये ‘एच’ ही कळ दाबली की आवाज थेट पुढच्या मथळ्यावर जातो आणि त्याची पातळीही सांगतो. ‘२’ दाबल्यास पुढचा एच२ सापडतो. सगळ्या मथळ्यांची यादीही उघडता येते. अँड्रॉइडवरच्या टॉकबॅकमध्ये आणि आयफोनवरच्या व्हॉइसओव्हरमध्येही मथळ्यांवरून पुढे सरकण्याची सोय आहे.

जुन्नर-आंबेगावचे पान

समजा, जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतल्या पर्यटनाचे पान तयार करायचे आहे. ‘जुन्नर-आंबेगाव पर्यटन’ हा एच१. ‘जुन्नर तालुका’ आणि ‘आंबेगाव तालुका’ हे एच२. जुन्नरखाली ‘किल्ले’ आणि ‘लेणी’ हे एच३. किल्ल्यांखाली शिवनेरी, हडसर, चावंड, जीवधन आणि लेण्यांखाली लेण्याद्री, तुळजा हे एच४. आंबेगावखाली ‘डिंभे धरण’ हा एच३. लेण्याद्रीला किती पायऱ्या चढायच्या, एवढेच ज्याला हवे आहे, तो पानाच्या सुरुवातीपासून ‘२’, ‘३’, ‘३’, ‘४’ अशा चार कळांत लेण्याद्रीपाशी पोहोचतो. हेच मथळे फक्त ठळक केलेले असतील, तर त्याला आधी चारही किल्ल्यांची माहिती ऐकत बसावे लागते.

खाली उतरताना पातळी गाळू नये. एच२ नंतर एकदम एच४ आला, तर मधले काही निसटले की काय, असे ऐकणाऱ्याला वाटते. वर येताना मात्र एच४ वरून थेट एच२ वर येण्यात काही गैर नाही. ओळ मोठी दिसावी म्हणून तिला मथळ्याचा टॅग देणे चूकच.

मथळ्याचे शब्द

लेण्याद्रीला बौद्ध लेणी आहेत आणि त्यांतल्याच एका लेण्यात अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज आहे. पानावर दोन ठिकाणी नुसते ‘लेण्याद्री’ असले, तर गोंधळ होतो. ‘लेण्याद्री : बौद्ध लेणी’ आणि ‘लेण्याद्री : गिरिजात्मज दर्शन’ असे लिहिले की तो टळतो. नुसते नावही किती सांगू शकते, ते पाहा : नाणेघाटातल्या सातवाहनकालीन लेण्यात भिंतीवरच्या मूर्ती नष्ट झाल्या आहेत, पण त्यांच्या वर कोरलेली नावे उरली आहेत. त्यांवरूनच तिथे सिमुक, सातकर्णी, राणी नागनिका यांच्या प्रतिमा होत्या, हे कळते. मथळ्यांच्या यादीतही खालचा मजकूर समोर नसतो. नावावरूनच सारे ओळखायचे असते.

नियम आणि पडताळणी

वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमच्या सुगम्यतेच्या निकषांनुसार डोळ्यांना दिसणारी रचना कोडमध्येही असली पाहिजे आणि मथळ्यांतून विषय कळला पाहिजे. भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ ने माहिती सर्वांना सुगम असण्यावर भर दिला आहे. सरकारी संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये आली. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ ची आहे.

हीच शिस्त वर्डमध्ये टाइप केलेल्या सूचनापत्रालाही लागू पडते. तिथे ओळ नुसती ठळक न करता ‘हेडिंग’ शैली निवडावी. मग पीडीएफ काढतानाही रचना टिकवता येते. पडताळणी सोपी आहे : पान तयार झाले की स्क्रीन रीडरमध्ये फक्त मथळ्यांची यादी उघडावी. ती पुस्तकाच्या अनुक्रमणिकेसारखी सलग वाचता आली, तर रचना बरोबर आहे.