न दिसणारा मासा

जपानी जेवणातला मासा ताटात बघून सापडत नाही. मिसोच्या सारात तो असतो, शिजवलेल्या भोपळ्यात असतो, पालकाच्या थंड भाजीत असतो, सोबा नावाच्या शेवया बुडवून खायच्या वाटीतही असतो. तुकडा मात्र एकही दिसत नाही, कारण तो दाशीत विरघळलेला असतो. कोम्बू नावाचं समुद्री शेवाळ पाण्यात मुरवायचं, त्यात कात्सुओबुशीचे पापुद्रे टाकायचे आणि गाळून घ्यायचं, की दाशी झाली. कात्सुओ मासा उकडून, धुरावून, वाळवून इतका टणक करतात की तो उलट्या ठेवलेल्या रंध्यावर घासून त्याचे पापुद्रे काढावे लागतात. गरम पदार्थावर टाकले की वाफेनं ते जिवंत असल्यासारखे हलतात!

आता पुण्याहून तोक्योच्या कचेरीत गेलेला शाकाहारी अभियंता डोळ्यांसमोर आणा. डिसेंबरात वर्ष सरत आलं की कचेरीचं जेवण ठरतं, त्याला बोनेन्काई म्हणतात. ‘मी मांस खात नाही’ असं तो सांगतो आणि त्याच्यासाठी मुद्दाम, प्रेमानं, मासे मागवले जातात. यात कुणाचीही बेपर्वाई नसते, यामागे जुना इतिहास आहे. इसवी सन ६७५ मध्ये सम्राट तेन्मूनं गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खाण्यावर वर्षातले काही महिने बंदी घातली. पुढच्या शतकांत असे निर्बंध कधी कडक, कधी सैल होत राहिले, रानातली शिकार खाल्लीही जात होती, आणि १८७२ मध्ये सम्राट मेइजीनं गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं तेव्हा जुनी चौकट मोडली. एवढ्या काळात मासा मात्र ताटातून कधी हलला नाही. मांस वेगळं आणि मासा वेगळा, ही समजूत तिथे शेकडो वर्षांची आहे.

म्हणून काय चालत नाही ते एकेक नाव घेऊन सांगावं लागतं: मांस, कोंबडी, मासे, कोळंबी, आणि माशाची दाशी चालते की नाही तेही. हा शेवटचा निर्णय आपला आपण आधी करून ठेवायचा. त्याचं उत्तर धूसर राहिलं तर स्वयंपाकी काहीच धड ठरवू शकत नाही.

आणि हे सांगायचं जेवणाच्या आधी. मला या साऱ्यात सर्वांत सुंदर वाटते ती कांजीची प्रथा. प्रत्येक जेवणासाठी कचेरीतला एकजण, बहुधा कनिष्ठ, आयोजक होतो. त्याला कांजी म्हणतात. जागा बघणं, ठरलेल्या पदार्थांचा कोर्स नोंदवणं, पैसे गोळा करणं आणि कुणाला काय चालत नाही हे विचारणं, सगळं त्याच्याकडे. त्याला आठवडाभर आधी दोन ओळी लिहून पाठवल्या तर त्याचं काम सोपं होतं. ताट समोर आल्यावर सांगितलं, तर पाहुणा उपाशी राहिल्याचा दोष तो स्वतःकडे घेतो, वरिष्ठांसमोर अवघडतो. धर्मामुळे किंवा घरच्या रीतीमुळे खात नाही, हे कारण पुरेसं आहे. अ‍ॅलर्जीचा खोटा बहाणा करू नये, त्यापायी स्वयंपाकघराला भांडीसुद्धा वेगळी काढावी लागतात.

पण मासा वगळा म्हणणं म्हणजे त्या स्वयंपाकाची चवच काढून घेणं नाही का? इथे खरी गंमत आहे. १९०८ मध्ये तोक्योच्या विद्यापीठात किकुनाए इकेदा यांनी कोम्बूतून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी म्हटलं. १९१३ मध्ये त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांना कात्सुओबुशीत इनोसिनेट सापडलं. पुढे अकिरा कुनिनाका यांनी शिइताके अळंबीतल्या ग्वानिलेटची चव ओळखली आणि दाखवून दिलं की ग्लुटामेटशी या दोहोंतलं कुठलंही जोडलं, तरी चव नुसत्या बेरजेच्या कितीतरी पट वाढते. म्हणजे मासा काढून वाळवलेली शिइताके घातली, तरी तोच रासायनिक चमत्कार घडतो!

बौद्ध मठांतल्या स्वयंपाक्यांनी हे जिभेनंच शोधलं होतं. त्यांच्या शोजिन र्‍योरीत मांस नाही, मासा नाही, कांदा-लसूणही नाही. झेन मठांच्या दाराशी उग्र भाज्या आणि मद्य आत आणू नका असं कोरलेले दगड आजही दिसतात. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्या मराठी घराला हे ओळखीचं वाटेल. जैन पाहुण्यानं मात्र कंदमुळांचं वेगळं सांगायला हवं, कारण मुळा आणि गोबो नावाचं लांब मूळ या जेवणात हमखास असतात. कांजीला लिहिताना ‘कोम्बू आणि शिइताकेची दाशी चालेल’ एवढं घातलं, तर वाचणाऱ्या स्वयंपाक्याला नेमकं काय करायचं ते कळतं. प्रत्येक इझाकायाला, म्हणजे जपानी मद्यगृहाला, ते जमेलच असं नाही, पण विचारायला वेळ तर मिळतो.

दारूचा प्रश्न त्यामानानं सोपा. सुमारे ४० टक्के जपानी लोकांच्या शरीरात मद्य पचवणारं एक विकर नीट चालत नाही, घोटभरातच चेहरा लाल होतो. त्यामुळे ‘मला सोसत नाही’ हे तिथे ओळखीचं वाक्य आहे. ऊलोंग चहाचा पेला उचलून सगळ्यांबरोबर ‘कांपाई’ म्हणायचं आणि शेजाऱ्याचा पेला रिकामा दिसला की आपण भरायचा. सुरुवातीला न मागताच समोर येणाऱ्या ओतोशीच्या वाटीत मासा निघाला, तर ती गाजावाजा न करता बाजूला ठेवावी, किंवा शेजाऱ्याला हवी का विचारावं. आपण का खात नाही याचं व्याख्यान तिथे नको, कुणी कुतूहलानं विचारलं तर मनापासून सांगावं.

दुसऱ्या दिवशी कचेरीत गेल्यावर आधी कांजीला गाठून आभार मानायचे, आणि कुठला पदार्थ आवडला तेही सांगायचं. जानेवारीतल्या शिन्नेन्काईची, म्हणजे नववर्षाच्या जेवणाची, जागा शोधताना त्याला ते उपयोगी पडतं.