दाराआधीची वाट

इन्सुलिन स्नायूपेशीचं दार उघडतं आणि साखर आत जाते, एवढंच आपण ऐकलेलं असतं. पण साखर दारापर्यंत पोचते कशी? वरुड-मोर्शीच्या संत्राबागेत मोटार चालू असली तरी ठिबकची नळी चोंदली, तर झाड सुकतंच. जेवणानंतर इन्सुलिन सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सोडवतं, वाहिन्या सैलावतात आणि एरवी जेमतेम वाहणाऱ्या केशवाहिन्यांत काही मिनिटांत रक्त खेळू लागतं. खरा अडसर दाराशीच असतो, हा आक्षेप निम्मा खरा. पण उंदरांत नायट्रिक ऑक्साइड रोखल्यावर स्नायूने घेतलेली साखर बरीच घटली.

'मी तर सडपातळ, माझी वाट मोकळीच!' असं म्हणणाऱ्यांनी पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेला फोटो आठवावा. बीएमआय दोघांचाही २२.३, चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिन यांची ९.१. रक्तात वाढलेली मेदाम्लं वाहिन्या उघडण्याची हीच क्रिया मंदावतात. चालताना मात्र स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता केशवाहिन्या उघडून घेतो. अकोला-अमरावतीच्या उन्हात दुपारी कोणी चालणार नाही, हे मान्य. रात्रीच्या जेवणानंतर तरी चाला. मधुमेहाचं औषध चालू असेल तर ते मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका.