हुनर आपला, नमुनाही आपला. पण नोंद केली का?

ऑगस्ट २०२१ मध्ये फुलसावंगीचं नाव देशभर गेलं. आठवीपर्यंत शिकलेल्या, चोवीस वर्षांच्या आपल्या एका तरुणाने एक माणूस बसेल असं हेलिकॉप्टर बनवलं होतं. चाचणीच्या वेळी पातं तुटलं, डोक्याला मार बसला आणि तो गेला. अल्लाह त्याची मगफिरत करो. तो मुळात आलमारी, कूलर बनवणारा कारागीर. असे हुनरमंद हात आपल्या घराघरांत आहेत, म्हणून हा विषय.

आपला मिस्त्री नव्या आकाराचा कूलर किंवा नव्या नक्षीचं गेट बनवतो. काही दिवसांत तसंच दुसऱ्या दुकानात दिसतं. भांडण होतं, पण हातात कागद नसतो. हा कागद डिझाईन कायदा, २००० देतो. हा कायदा ११ मे २००१ पासून लागू आहे.

यात संरक्षण कशाला? वस्तूच्या डोळ्यांना दिसणाऱ्या रूपाला: आकार, नक्षी, रेषा, रंगांची मांडणी. मशीन आतून कसं चालतं, ते यात येत नाही. तो शोध नवा असेल तर त्यासाठी पेटंट. म्हणजे कूलरच्या जाळीची नवी नक्षी डिझाईनमध्ये, आणि पाणी कमी लागण्याची नवी युक्ती पेटंटमध्ये.

सर्वात मोठी अट अशी की, नमुना नवा हवा आणि अर्जाआधी तो लोकांसमोर आलेला नसावा. इथेच आपली मुलं चुकतात. वस्तू तयार झाली की आधी व्हॉट्सॲपवर फोटो, यूट्यूबवर व्हिडिओ! त्यानंतर अर्ज केला तर तो याच कारणाने फेटाळला जाऊ शकतो, आणि नोंद झाली तरी ती रद्द होऊ शकते. म्हणून आधी अर्ज, मग फोटो.

अर्ज कोलकात्याच्या पेटंट कार्यालयातल्या डिझाईन विभागाकडे जातो. घरबसल्या ऑनलाईनही करता येतो. एकट्या माणसाला फी १,००० रुपये. सोबत वस्तूची सगळ्या बाजूंनी चित्रं किंवा फोटो लागतात. नोंद दहा वर्षं चालते, फी भरून आणखी पाच वर्षं वाढते. कुणी नक्कल केली तर जिल्हा न्यायालयात दावा करून ती थांबवता येते, नुकसानभरपाईही मागता येते. नोंदच नसेल तर या कायद्याखाली दावा करता येत नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. डिझाईनचा कागद मालकी सांगतो. वस्तू सुरक्षित आहे, असं सांगत नाही. उडणारं, फिरणारं, करंटवर चालणारं काही बनवत असाल तर जाणकाराकडून तपासून घ्या, लागेल ती परवानगी घ्या. हुनर ही अल्लाहची नेमत आहे. हा हुनर जपायचा तर कागदही हवा, आणि जीवही.